ऑरिनचा कच्चा टाका

बेकर्सफिल्ड गावात इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात हात घालणारा माणूस एक नेम पाळतो. तारा जोडणारं जुनं सोल्डर वितळवायच्या आधी आतल्या तारांचं चित्र कागदावर काढून घ्यायचं. व्हर्ना स्टोकलीनं तीस वर्षांत हा नेम कधी मोडला नव्हता. वेन्डेल टॅकेटच्या गिटारच्या वेळी मोडला, आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

वेन्डेलनं नुसतं खरखरणारं बटण बदलायला सांगितलं होतं. पण आत बघते तर काय, तारांचा सगळा गुंताडा, आणि एका पिकअपच्या, म्हणजे सूर टिपणाऱ्या चुंबकाच्या, तारा चक्क उलट्या जोडलेल्या! कुठल्या गाढवाचं हे काम, असं पुटपुटत तिनं सगळं उपटलं आणि नव्यानं नीट जोडून दिलं. चुकीचं चित्र काढून ठेवायचं कशाला, असं तिला वाटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय म्हणायचं!

गिटार तिच्याकडे असतानाच, सोमवारी, वेन्डेलचा थोरला भाऊ ऑरिन गेला. बुधवारी वेन्डेल दुकानात आला, दोन सूर वाजवले आणि त्याचा चेहराच उतरला. आवाज भरदार होता, गोडही होता, पण त्याचा नव्हता. तारांचा तो गुंताडा ऑरिनच्या हातचा होता, आणि शनिवारी त्याच्या दफनाच्या वेळी वेन्डेलला याच गिटारवर वाजवायचं होतं.

"व्हर्ना, होती तशी दे मला," एवढंच तो म्हणाला.

व्हर्ना मनातून चरकली. तिनं पिकअपच्या तारा पुन्हा उलट्या जोडल्या. दोन पिकअप एकमेकांविरुद्ध ओढायला लागले की आवाज नाकातून येतो, हे तिला पाठ होतं. तसा आलाही. वेन्डेल म्हणाला, जवळ आलाय, पण याला पोट नाही. मग तिनं तो पिकअप सुलटा करून दुसरा उलटा केला. तेच रडगाणं. आवाजाची धार कमी-जास्त करणारा कपॅसिटर बदलून पाहिला, तर सगळंच घोगरं झालं. गुरुवार असाच गेला. तिचं डोकं चालेना. तारा त्याच, पिकअप तेच, बोटंही त्याचीच, मग आवाज गेला कुठे? जेवायला आणलेला टॅको टेबलावर तसाच वाळून गेला.

शुक्रवारी तिनं कचऱ्याचा डबाच टेबलावर उपडा केला. उपटून टाकलेल्या सोल्डरच्या गोळ्यांत एक राखाडी होता, तडकलेला. कच्चा टाका! सोल्डर गार होताना तार हलली की असा होतो. तार धरून ठेवायचा, पण आवाज अर्धामुर्धाच पुढे सोडायचा. म्हणजे भांडणाऱ्या दोन पिकअपपैकी एकाचा जोर कमी, आणि म्हणून आवाजाला पोट. तिनं त्याच तारेत आवाज अडवणारा एक चिमुकला रेझिस्टर बसवला. वेन्डेलनं सूर छेडला आणि न थांबता गाणं पुरं वाजवलं. तोच आवाज होता.

आता त्याला सांगावं की नाही, हे तिला कळेना. मेलेल्या माणसाची चूक त्याच्या भावापुढे कशी काढायची? शेवटी अडखळत सांगितलं. वेन्डेलला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही.

"त्याला सोल्डर कधी जमलंच नाही," तो म्हणाला. "पहिल्यांदा वाजवली तेव्हा भिकार वाटली मला. पण तो समोर उभा, एवढंसं तोंड करून. म्हटलं, झकास झालीये. मग काय, चाळीस वर्षांची गाणी त्या एका खोट्यावर बसवली."

मग त्यानं विचारलं, आता हे मधेच बंद पडेल का? छे, जन्मात नाही, असं तिनं छातीठोक सांगितलं.

"पूर्वी पडायचं," तो म्हणाला. "ऐन गाण्यात. मी ऑरिनकडे बघायचो, आणि तो शेजारी बास गिटार वाजवता वाजवता छताकडे बघायचा." त्यानं गिटार तिच्याकडे सरकवली. "होतं तसंच कर."

बिघडणारा टाका, मुद्दाम, तोही दफनाच्या आदल्या दिवशी? व्हर्नाला पटलं नाही, धड उमगलंही नाही. तरी तिनं रेझिस्टर काढला. पहिला टाका चकचकीत, पक्का आला. दुसराही तसाच. हातच ऐकेनात. तिसऱ्या वेळी, सोल्डर गार होत असताना, तिनं डोळे मिटले आणि तार हलवली.