भरल्या काट्याची परीक्षा

तिसऱ्या इंटरनेट कंपनीचं पत्रक घरात आलं त्या दिवशी आई मुलीकडे बघत म्हणाली, "एवढी स्थळं तर आपण हिच्यासाठीसुद्धा पाहिली नाहीत."

बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभी हयात दुकानांतले काटे तपासण्यात गेलेली. छापील आकड्यावर विश्वास ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मुलीच्या इंटरनेटचा प्रश्न आला तेव्हा कंपनी निवडायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

मुलगी खुणांच्या भाषेतली दुभाषी होती. इस्पितळात ऐकू न येणारा रुग्ण आला की ती घरातल्या आतल्या खोलीत बसून, पडद्यावरून, डॉक्टरांचं बोलणं हातांनी त्याला सांगे आणि त्याच्या खुणा डॉक्टरांना बोलून दाखवी. चित्र गोठलं की तिचे हात हवेत अडकत, आणि अर्धी खूण कधीकधी उलटा अर्थ सांगते. जुन्या रडक्या लाइनीवर चित्र एकदा गोठलं. बाबांनी आणलेल्या नव्या लाइनीवर पुन्हा गोठलं. तेव्हा संस्थेच्या पर्यवेक्षक मॅडमनी बजावलं: लाइन ही दुभाष्याची जबाबदारी, आणखी एकदा असं झालं तर इस्पितळाच्या कामातून तुझं नाव काढावं लागेल.

बाबा हादरले, पण कंपन्यांच्या निर्लज्जपणाने. पहिलीच्या जाहिरातीत वेगाच्या आकड्यापुढे 'पर्यंत' असं बारीक अक्षरात छापलं होतं. "किलोपर्यंत साखर म्हणून कुणी पुडी बांधली असती, तर मी त्याचं दुकान बंद केलं असतं!" आत्ता घरात असलेल्या दुसऱ्या, स्वस्त कंपनीचा दर तीन महिन्यांनी दुप्पट होणार होता. राहिली ती सगळ्यांत महाग कंपनी. तिथे वर्षभराची बांधिलकी, शिवाय बसवणावळ आणि राउटरच्या पेटीचं भाडं.

"खोलीचं भाडं वेगळं आणि दाराचं वेगळं!" बाबा म्हणाले.

तरीही ते महागडीकडेच झुकले होते, कारण स्वस्तवाल्यांची चोरी त्यांनी पकडली होती. सकाळी फोनवर वेग मोजला की आकडा चोख. मुलीचं दार लागून काम सुरू झालं की तोच आकडा निम्म्यावर.

"मापात पाप आहे," त्यांनी निकाल दिला. "गिऱ्हाईक कामाला लागलं की हात आखडतात."

महागडीच्या कार्यालयात बोलणी करायला ते एक दिवस सकाळीच बाहेर पडले ते संध्याकाळी परतले. मुलगी खुशीत होती. "बाबा, आज लाइन एकदाही अडकली नाही!"

"एका वजनावर काटा पास करायचा नसतो," बाबा म्हणाले. "त्यांचा माणूस परवा सकाळी येतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीच्या पडद्यावर शस्त्रक्रियेला आलेले एक आजोबा होते. सर्जन सांगत होते, रक्त पातळ करायची गोळी उद्या सकाळी घ्यायची नाही. खुणांमध्येही 'नाही' शेवटीच येतं. तिने सकाळ दाखवली, गोळी दाखवली, घेणं दाखवलं, आणि चित्र गोठलं. पलीकडच्या चौकटीत आजोबांनी समजल्यासारखी मान हलवली आणि तेही तसेच गोठले.

ती दार ढकलून बाहेर धावली. राउटर बोळातल्या फळीवर होता. त्याच्याखाली स्टुलावर बाबा बसले होते. हातात फोन, फोनवर वेगाची तबकडी, तबकडीवर गरगरता काटा.

"बंद करा ते!"

इतक्या मोठ्याने ती या घरात कधी ओरडली नव्हती. बाबांचा अंगठा आपोआप हलला. काटा खाली आला आणि आतून सर्जनचा आवाज ऐकू आला, "हॅलो? आलात का परत?"

ती आत पळाली. सगळं वाक्य पहिल्यापासून केलं आणि आजोबांना ते परत करून दाखवायला लावलं. त्यांच्या हातांनी 'नाही' केल्यावरच तिने श्वास सोडला.

कॉल संपवून ती बाहेर आली तेव्हा बाबा स्टुलावरच होते.

"मी कॉलवर असताना मोजत होता?"

"मग केव्हा मोजणार? रिकाम्या काट्याची परीक्षा घेतात का कधी? माल चढला की..."

"बाबा, हे ॲप लाइनीत असेल नसेल तेवढं सगळं ओढून घेतं. तसंच तर मोजतं ते. रोज करता?"

"रोज. तुझं दार लागलं की."

"गेल्या वेळीही?"

बाबांनी तबकडीवरचा काटा अंगठ्याने झाकला.

आईने स्वयंपाकघरातून वाकून पाहिलं. तिला आतलं काही कळलं नव्हतं. "काल कसं छान चाललं होतं! मी म्हणतेच, हे बाहेर असले की घर सुरळीत चालतं."

कुणी हसलं नाही. बाबांनी फोन गुडघ्यावर पालथा ठेवला. "पारड्याखाली बोट लावणारे दुकानदार मी रस्त्यावरून ओळखायचो," ते म्हणाले. "आणि इथे मीच अख्खा काट्यावर उभा होतो."

चित्र गोठल्याचं इस्पितळाकडून कळून मॅडमचा फोन आला तेव्हा मुलगी बोलायच्या आत बाबांनी हात पुढे केला. "मॅडम, मी हिचा बाप. लाइनीत दोष नाही. दोष माझा." आणि जे घडलं ते त्यांनी तपासणीचा अहवाल वाचावा तसं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "काका, लोक विजेला दोष देतात, शेजाऱ्याला देतात. स्वतःला देणारे तुम्ही पहिलेच. पण रुग्णाला त्याचं काय? उद्या सकाळी मी स्वतः कॉलवर बसते. लाइन हीच ठेवा. गोठली तर मला काही करता येणार नाही."

सकाळी बाबांनी फोन बंद करून आईच्या हातात दिला. "मागितला तरी देऊ नकोस." आईने तो कपाटात टाकला, किल्ली कमरेला खोचली आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

दार लागलं. बाबा बाहेर जिन्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने महागड्या कंपनीचा माणूस तारेचं भेंडोळं खांद्यावर घेऊन वर आला.

"काका, कुठून आणायची तार?"

"हळू बोला. आत काम चालू आहे."

"आत्ताची लाइन किती वेग देते?"

"माहीत नाही," बाबा म्हणाले. हे उत्तर ऐकून त्यांनी कित्येक परवाने रद्द केले होते.

"मग पासवर्ड सांगा की." त्याने खिशातून फोन काढला. "आत्ता मोजून देतो. आमच्याशी ताडून बघा, फुकट आहे."

बाबा उठलेच. त्याच्या फोनवर दोन्ही हात दाबून ते उभे राहिले. चेहरा असा की त्या माणसाने भेंडोळं खाली ठेवलं आणि विचारलं, "काका, बरं वाटत नाही का? पाणी आणू?"

मागे दार उघडलं. मुलगी उंबऱ्यात उभी होती. बाबांना विचारायचं धाडस होईना.

"एकदाही नाही," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, काम चालू ठेव."

बाबांचे हात तरीही सुटले नाहीत. शेवटी त्या माणसानेच आपला फोन हळूच सोडवून घेतला.

"मग आमची तार टाकायची ना, काका?"