कवीला विचारायचं नाही

आदिगुनची आई येणार म्हटल्यावर मोरेनिके सकाळपासून त्याच त्या खुर्च्या पुसत होती. आमच्याकडे, नायजेरियातल्या योरुबा लोकांत, पोटचं पोर आधी गेलं तर आईबापांनी मातीला जायचं नसतं, थडगंसुद्धा बघायचं नसतं. म्हणून त्या सव्वीस वर्षांच्या पोराला इबादान शहरातल्या कवींनीच पुरलं. उभ्या जन्मात कधी फावडं न धरलेली माणसं ती, तळहाताला फोड घेऊन घरी गेली. आणि आता त्यांचे आभार मानायला म्हातारी इसेयिनहून बसनं निघाली होती. आभार म्हणे! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मोरेनिकेला झालं होतं.

बोदिजा भागातल्या तिच्या गॅरेजात बारा वर्षं दर बुधवारी कवी जमत आले. गाडी कधीच विकली. तिच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मोरेनिके काढते त्या कवितांच्या मासिकाचे गठ्ठे. ज्यांना येणं जमत नाही ते फोनवरच्या ग्रुपात कविता टाकायचे. एकेचाळीस जण होते त्यात. नियम एकच, आणि तो मोरेनिकेनंच घातलेला: हे खरंच घडलं का, असं कवीला विचारायचं नाही. पहिल्या वर्षी एका मुलीनं मारकुट्या नवऱ्यावर कविता वाचली, तर सगळे तिच्या मागेच लागले, "अगं, तुझाच का नवरा?" ती पोरगी पुन्हा फिरकली नाही. तेव्हापासून, ओळींबद्दल बोला, माणसाबद्दल नको. मोरेनिकेला या नियमाचा कोण अभिमान! नव्या माणसाला आधी खुर्ची मिळायची नाही, आधी नियम मिळायचा.

आदिगुनला जन्मापासून सिकलसेल. दुखणं उठलं की हाडन् हाड ठणकायचं. पण "दुखतंय" असं सरळ सांगायची त्याला लाज वाटायची. कवितेत मात्र पाच वर्षं तो हाडांवरच लिहीत होता. कोलाडे म्हणून एक फाटक्या तोंडाचा वकील आहे, तोही कवी. तो चिडवायचा, "अरे, एखाद्या पोरीवर लिही की! हाडं काय चघळत बसतोस कुत्र्यासारखी?" आणि आदिगुनच सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

त्या बुधवारी तो आला नाही. दुपारी ग्रुपात त्याची कविता आली, इंग्रजीत, चारच ओळींची.

हाडांत कुणी लोखंड ओततंय.
दारापर्यंत चार पावलं, माझ्याकडे दोनच.
बादली कोरडी आहे.
कुणीतरी या.

टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. कुणी लिहिलं, "दोन पावलं! जीव घेतलास रे." मोरेनिके शेंगदाणे खात बसली होती. तिनं एका हातानं लिहिलं, "शेवटची ओळ काढ. भीक मागतेय ती. बादलीपाशीच थांब." दहा मिनिटांनी उत्तर आलं, "बरोबर आहे, आंटी. काढली." खाली कविता पुन्हा, तीन ओळींची. "आता झाली कविता!" मोरेनिकेनं शाबासकी दिली.

शुक्रवारी घरमालकानं आदिगुनचं दार फोडलं. त्याची खोली मोकोलाला होती, रिक्षानं जेमतेम पंधरा मिनिटांवर. उरलेल्या चाळीस शहाण्यांतला एकही उठला नाही.

"आंटी, तोंडाला कुलूप घाला," कोलाडेनं बजावलं. "म्हातारीला इंग्रजीचं अक्षर येत नाही. दोन गोड वाक्यं सांगा आणि मोकळ्या व्हा. खरं सांगून काय पोरगं परत येणार आहे?"

"नाही येणार," मोरेनिके म्हणाली. तिला ते पटलंही होतं. गोड वाक्यं तिनं तयार करून ठेवली होती.

म्हातारी अकराच्या सुमाराला आली. लहानखुरी बाई, डोक्यावर टोपली. मोरेनिके गुडघे टेकून पाया पडली. म्हातारीनं टोपलीतून पानांत बांधलेली मोईमोई काढून टेबलावर ठेवली, अजून कोमट होती.

"वाटलेल्या चवळीची. रात्री भिजत घातली होती," ती म्हणाली. "मला मातीला येता येत नव्हतं. तुम्ही केलंत. माझ्या पोराला तुम्ही उघड्यावर टाकलं नाहीत, लेकी. देव तुमची पोरंबाळं राखो."

"आई, नका हो असं..."

"ऐक. मला एकच हवंय. शेवटचं त्यानं काय लिहिलं? आपल्या बोलीत सांग. मला जाताना ते घेऊन जायचंय."

मोरेनिकेनं फोन काढला. दोन्ही कविता एकाखाली एक होत्या. तीन ओळींची वाचली असती तर कुणाला कळलं असतं? गोड वाक्यं तर जिभेवरच होती. पण समोर ती बाई हात मांडीवर जोडून बसली होती, चर्चमध्ये बसावं तशी. मोरेनिकेनं पहिली कविता योरुबात सांगितली. चारही ओळी.

"कुणीतरी या," म्हातारी पुटपुटली. "कुणाला म्हणाला हे?"

"आम्हाला, आई. सगळ्यांना." मग एकदाचं तिनं सांगूनच टाकलं. "आम्हाला वाटलं कविता आहे. छान छान म्हणालो. आणि मी... मी त्याला ती ओळ काढायला लावली. म्हटलं, भीक मागितल्यासारखी वाटते."

"मग?"

"त्यानं काढली."

मोरेनिके पुन्हा खाली बसली आणि तिनं म्हातारीचे पाय घट्ट धरले. शिव्या दे, मार, थुंक माझ्यावर, असं तिला ओरडावंसं वाटत होतं. म्हातारीनं पाय सोडवून घेतले नाहीत, आणि तिच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

"बुधवारी मीच फोन केला होता त्याला," म्हातारी म्हणाली. "बाजारातून. आवाज ओढलेला वाटला, म्हणून विचारलं, बाळा, दुखतंय का रे? नाही गं आई, म्हणाला, आत्ताच जेवलो, झोप येतेय. मी पण खुळी, बरं म्हटलं आणि फोन ठेवला."

तिनं रिकामी टोपली उचलली.

"माझ्याशी खोटं बोलला गं. खरं फक्त तुम्हालाच सांगितलं."