सहाशेंनी मागे

नीटचा निकाल लागला त्या दिवसापासून आमच्या घरात माणसं आकड्यांत बोलायला लागली. वेदिकाचा देशातला नंबर, त्यावरून कर्नाटकातला अंदाजे नंबर, गेल्या वर्षीचे आकडे, त्याच्या आदल्या वर्षीचे आकडे. माझा नवरा मधुकर एरवी स्वतःच्या स्कूटरचा नंबर विसरतो, पण कुठल्या सरकारी कॉलेजची शेवटची सीट कितव्या नंबरावर गेली हे त्याला तोंडपाठ झालं होतं. दूधवालाही दारात थांबून विचारायचा, "अक्का, सीट सिक्तू?" सीट मिळाली का, हे कळायला कानडी यावं लागत नाही. मी म्हणायचे, "स्वल्प थांबा," आणि दार लावून घ्यायचे. थांबणं मला कधीच जमलेलं नाही. रांगेत पुढच्या माणसाने सुटे पैसे शोधायला वेळ लावला तरी माझं डोकं फिरतं.

वेदिका नीटला दुसऱ्यांदा बसली होती. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं, आणि मग तीन महिने तिने एकाही मैत्रिणीचा फोन घेतला नाही. ताटात वाढलेलं तसंच ठेवून उठायची. काही विचारलं तर "बरी आहे" एवढंच. ते तीन महिने मी कशी जगले ते माझं मला माहीत. नंतर तिने बेंगळुरूत कोरमंगलाला एका पीजी वसतिगृहात राहून वर्षभर कोचिंग केलं. जातानाच सांगून गेली, "हे शेवटचं. तिसऱ्यांदा बसणार नाही." खासगी कॉलेजं आमच्या आवाक्याबाहेरची. म्हणजे जे काय होणार ते या एका नंबरावर.

तिला म्हैसूर हवं होतं. बेंगळुरूचं सरकारी कॉलेज तिच्या नंबराला लागणार नाही हे तिने स्वतःच मान्य केलं होतं. यादीत वर लिहिलं ते केवळ लिहायचं म्हणून. पण म्हैसूरचं नाव काढलं की तिचा चेहरा बदलायचा. "जुनं हॉस्पिटल आहे, आई. पेशंट भरपूर. हात चांगला बसतो." गेल्या वर्षी म्हैसूरची सीट जिथे बंद झाली, त्याच्या सहाशे नंबर मागे वेदिका होती.

सहाशे. हा आकडा मी भाजी चिरताना म्हणत होते, बसमध्ये म्हणत होते. मी एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात आहे. सुटे भाग मोजायचे आणि पास की नापास ते लिहायचं, सव्वीस वर्षं हेच केलं. मापात नाही म्हणजे नाही. थोडक्यात चुकलं म्हणून मी कुठला तुकडा कधी पास केला नाही, आणि सहाशे हे काही थोडकं नव्हतं.

कर्नाटकात पर्याय भरायची पद्धत अशी, की कॉलेजांची यादी समोर येते आणि प्रत्येकापुढे आपण आपला क्रम लिहायचा. वेदिकाने अकरा कॉलेजं लिहिली. पहिलं बेंगळुरू, दुसरं म्हैसूर, तिसरं हुबळी, असं करत अकरावं कोप्पळ. "आणखी लिही," मी म्हटलं. "एवढी पुरे गं. कोप्पळ तर नक्की मिळेल," ती म्हणाली. तिचा हा "नक्की" मला मुळीच आवडला नाही.

कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसवंत बसतो. खानापूरचा माणूस, मराठी आणि कानडी एकाच दमात बोलतो. त्याच्या मुलाला गेल्या वर्षी सीट मिळाली. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, तर चपातीचा घास हातात धरून म्हणाला, "अक्का, जे पाहिजे ते वर लिवायचं बघा. कॉम्प्युटर वरनं विचारत येतंय. हे मिळतंय का? नाही? मग खालचं. वरचं मागितलं म्हणून खालचं कोण काढून घेत नाही."

"आणि तोपर्यंत खालचं भरलं तर?"

"तुमच्या मागच्या नंबरवाल्यानं कसं भरंल ते? त्याच्या आधी तुमचं नाव येतंय की."

मी मान हलवली. पटलं नव्हतंच. आपलं पोर एकदा पार पडलं की माणसाला जगातल्या सगळ्या गोष्टी सोप्या वाटायला लागतात, असं मनात म्हटलं आणि डबा बंद केला.

न पटायला कारण होतं. लग्नानंतर आम्ही कंपनीच्या क्वार्टर्ससाठी अर्ज केला होता. त्यात तीन पर्याय लिहायचे असत. आम्ही हौसेने बागेकडची तळमजल्याची घरं पहिली लिहिली. पण तिथली रीत अशी, की आधी सगळ्यांचे पहिले पर्याय वाटून टाकायचे आणि मग उरलेल्यांत दुसरे. आमचं पहिलं हुकलं. दुसऱ्या पर्यायातली घरं तोवर ती पहिली लिहिणारे घेऊन गेले होते. तिसऱ्यातलीही गेली. तीन वर्षं आम्ही बोम्मसंद्र्याला एका खोलीत काढली, पत्र्याखाली. त्या क्वार्टर्समधला कोणीही तुम्हाला सांगेल, की मिळण्यासारखं असेल तेच पहिलं लिहावं. हौसेचं पहिलं लिहिणाऱ्याला आम्ही सगळे हसायचो. पुढे मला कधी काही मागायचं झालं तर मी तेच केलं, बदली असो की सुट्टी.

गुरुवारी मॉक लागलं. मॉक म्हणजे खरं वाटप नव्हे, आज वाटप झालं तर काय होईल ते दाखवणारी रंगीत तालीम. त्यानंतर शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत क्रम बदलायची मुभा होती. वेदिकाने लॅपटॉप उघडला. मी तिच्या खुर्चीमागे उभी होते, मधुकर चष्मा पुसत होता.

कोप्पळ. अकरावा पर्याय, यादीतला शेवटचा.

एक पायरी आणखी घसरली असती तर खाली काहीच नव्हतं. वेदिका मात्र शांत होती. "मॉक आहे, आई. वरची बरीच मुलं देशाच्या कोट्यातून बाहेर जातील. मग सगळं पुढे सरकतं."

"किती सरकतं?"

"ते कसं सांगणार? पण मला वाटतं, म्हैसूरपर्यंत येईल."

"वाटतं म्हणजे काय?" मी ओरडलेच. "वाटण्यावर सीट मिळते का?"

ती उठून आत गेली. मधुकर म्हणाला, "हेमा, तिला कळतं त्यातलं." मला त्याचाही राग आला. घरात काळजी करायचं काम नेहमी माझ्याच वाट्याला येतं, आणि ती केली म्हणून बोलणीही मीच खायची.

शुक्रवारी सकाळी नऊला बापलेक आनेकलला गेले. वेदिका सात वर्षं कर्नाटकातल्या शाळेत शिकली याच्या दाखल्यावर तिथल्या शिक्षण कार्यालयाची सही हवी होती. मी अर्धी रजा टाकून घरी राहिले. कशासाठी, ते तेव्हा मी स्वतःशीही बोलले नव्हते. पीजीत मोबाइल जमा करून घेत असत, म्हणून फॉर्मवर फोन नंबर माझाच दिला होता. पासवर्ड तिच्या वहीच्या पहिल्या पानावर होता. सव्वादहाला मी लॅपटॉप उघडला. माझ्या फोनवर सहा आकडे आले, ते टाकले.

कोप्पळच्या पुढच्या चौकटीत अकरा होते. खोडून एक केलं. बाकीची कॉलेजं आपोआप एकेक खाली गेली, म्हैसूर तिसरं झालं. डोकं अगदी स्वच्छ होतं. म्हटलं, मिळणारं आधी पक्कं करून घ्यावं, मग वरचं दुसऱ्या फेरीत बघता येईल. पोरीचे ते तीन महिने पुन्हा येणार नाहीत, एवढं मला पुरे होतं. सेव्ह केलं आणि फोनवरचा मेसेज पुसला. कोप्पळच्या खाली आणखी चार नावं वाढवली असती तरी माझी भीती भागली असती, आणि कोणाचंच काही बिघडलं नसतं. ते मला त्या वेळी आठवलंच नाही.

दुपारी दोघं सही घेऊन आले. वेदिका उन्हाने लाल झाली होती. "काही मेसेज आला का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही." त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

पाच दिवसांनी संध्याकाळी खरं वाटप लागलं. कोप्पळ. मधुकरने टाळ्या वाजवल्या. सरकारी मेडिकल म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती, आणि वेदिकाही हसली. थोडं कमी हसली, पण हसली. मी देवापुढे साखर ठेवली. माझं बरोबरच होतं, असं मनात म्हणत होते. पोरगी वाचली, मी वाचवली.

मग सिद्धीचा फोन आला. सिद्धी तिची पीजीतल्या खोलीतली जोडीदार, आमच्यासारखीच जनरलमधली. वेदिका फोनवर म्हणाली, "अगं, काय सांगतेस! मस्तच!" आणि मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तुझा नंबर माझ्या मागे आहे ना? एकशे नव्वदने?" फोन ठेवून ती आम्हाला म्हणाली, "सिद्धीला म्हैसूर मिळालं."

तिने पुन्हा लॅपटॉप उघडला. पानावर मिळालेल्या कॉलेजच्या पुढे आपला कितवा पर्याय होता तेही लिहिलेलं असतं. तिने त्यावर बोट ठेवलं.

"एक," ती म्हणाली. "कोप्पळ एक नंबरला आहे. असं कसं?"

मधुकर जवळ गेला. "दुसऱ्या फेरीत वर जाता येईल ना?"

"नाही, बाबा. जे मिळालं त्याच्या वरचंच पुढच्या फेरीत मिळतं. हे पहिलंच आहे. ह्याच्या वर काहीच नाही."

मग वेदिकाने कपाळावर हात मारून घेतला. "गुरुवारी रात्री मी एकदा उघडलं होतं. नुसतं बघायला. तेव्हाच माझ्या हातून काहीतरी बदललं असणार. अकराच्या जागी एक... बाबा, माझंच चुकलं. दोन वर्षं घालवली आणि एक आकडा नीट ठेवता आला नाही मला."

"असू दे गं," मधुकर तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. "होतं असं. चुकून होतं."

ती आम्हा दोघांची माफी मागायला लागली. बाबांची, मग माझी. "सॉरी, आई. तू एवढी रजा टाकून..." मी तिथे उभी होते आणि गप्प होते. तेवढ्या वेळात मला काय वाटलं ते लपवत नाही. तिला असंच वाटत राहिलं तर राहू दे, असंच मला वाटलं. ती सावरेल, चार दिवसांत विसरेल. आणि मी तिच्या नजरेतून उतरणार नाही.

पण ती रडत रडत स्वतःला मूर्ख म्हणाली, आणि ते मला ऐकवलं नाही.

"मी बदललं," मी म्हणाले. "शुक्रवारी, तुम्ही आनेकलला गेला होतात तेव्हा."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी भराभर बोलत सुटले. क्वार्टर्सचं सांगितलं, मॉकचं सांगितलं, मला वाटलं पक्कं करून ठेवावं, वर नंतर जाता येईल. बोलता बोलता माझं मलाच कळत होतं, की बसवंतने घास हातात धरून जे सांगितलं ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

वेदिकाने मला पूर्ण बोलू दिलं. डोळे पुसले. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या माणसाला मला उत्तर देता येतं.

"आई, एकच सांग," ती म्हणाली. "मला म्हैसूर मिळणार नाही, असं वाटलं होतं तुला?"

भीती वाटली म्हणून केलं, असं सांगता आलं असतं. तुझ्या काळजीपोटी केलं, असंही सांगता आलं असतं. दोन्ही खोटं नव्हतं. पण तिने ते विचारलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "नाही वाटलं मिळेल असं."

तिने मान हलवली. "मला वाटलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला स्वतःबद्दल काहीतरी नक्की वाटलं होतं."

मधुकर काहीतरी बोलायला गेला, पण तिने त्याला थांबवलं. लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि म्हणाली, "बाबा, कोप्पळला कधी हजर व्हायचं ते बघा ना जरा. कागद कोणते लागतील तेही."

आमच्या घरात कुठलीही सरकारी सूचना मीच वाचते. मी चष्मा घेऊन पुढे झाले.

"राहू दे, आई," वेदिका म्हणाली. "बाबा बघतील."