आगेराच्या ताटातला टेंपो

पास्कलच्या नातीनं, अँजेलिनानं, चर्चमध्ये पहिला कम्युनियन घेतला, ते दोन हजार चोवीस साल. मे महिन्यातल्या त्या रविवारी पास्कल आपल्या वाडीतल्या मोगऱ्याचा गजरा घेऊन उमेळ्याहून विरारला मुलाच्या फ्लॅटवर गेला आणि हॉलमधली नवी भिंत बघून दारातच थबकला. भिंतभर काचेचं कपाट केलेलं, आणि आत बोटाएवढ्या धातूच्या गाड्या. मोटारी, जीप, ट्रक, बस. एकूण एक गाडी आपल्या पुठ्ठ्यावर, पारदर्शक खोक्यात बंद.

"ही कोनाची?"

"माझी, पप्पा," कॅल्विन म्हणाला. चाळिशीला टेकलेला मुलगा, अंधेरीच्या ऑफिसात चांगल्या हुद्द्यावर, आणि बोलताना कान लाल झाले होते.

"आनि उघडली नाय एकपन?"

"उघडली की संपली. कलेक्शनमध्ये सीलबंदच लागते."

"म्हंजे गाडी आनायची आनि चालवायची नाय."

"बोला पप्पा, बोला!" सून शर्ली स्वयंपाकघरातून ओरडली. "मी बोलले की भांडण होतं. पाहुण्याला आडवं व्हायला जागा नाही, ह्यांच्या गाड्यांना मात्र काचेचा बंगला!"

सगळे हसले. कॅल्विनही हसला, पण कपाटाचं उघडं दार त्यानं हळूच लोटून घेतलं. ते पास्कलनं पाहिलं.

पास्कलचं अर्धं आयुष्य टेंपोवर गेलेलं. पुढं सोंडेसारखं नाक असलेला हिरवा तीनचाकी टेंपो. उमेळ्यातल्या वाड्यांमधून खाऊच्या पानांच्या करंड्या आणि केळीचे घड भरायचे आणि वसई स्टेशनात नेऊन उतरवायचे. अक्षरं त्याला पन्नाशीनंतर आली, चर्चच्या हॉलमध्ये चालणाऱ्या वर्गात. बायको कॅथरिन शेजारी बसून हसायची, "आता तरी माझं नाव लिहून दाखव." त्यानं दाखवलं होतं. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. ती होती तेव्हा कॅल्विन दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून घरी यायचा. आता सणाला यायचा, आणि नोव्हेंबरात आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायला. भांडण काही नव्हतं. बोलायला काही उरलं नव्हतं, एवढंच. फोन केला तर "जेवलास का" आणि "तब्येत कशी" ह्याच्यापुढं गाडी जायची नाही.

त्या दिवशी कपाटापुढं उभं राहून कॅल्विन अर्धा तास बोलला होता. कुठली गाडी कधी आली, कुठली मिळाली नाही. पास्कलला त्यातलं फार कळलं नाही, पण मुलगा आपल्याशी इतकं बोलतोय हे कळलं.

निघताना त्यानं अँजेलिनाला बाजूला घेतलं. "तुझा पप्पा ह्या गाड्या शोधतो कसा?"

"सर्च करतो ना, नाना. ‘देशी चाकं’ म्हणून कंपनीची सिरीज आहे. दर महिन्याला नवीन गाडी येते. पण लगेच संपते. आधी कळलं पाहिजे."

"मला दाखव."

"बोलून पण शोधता येतं. हे माइकचं बटण."

"नको. लिहूनच शोधतो. इतक्या उशिरा आलेली अक्षरं, बसून का खातील?"

पहिल्या दिवशी पास्कलनं एका बोटानं लिहिलं, ‘नवीन खेळण्याची गाडी’. फोननं त्याला लहान पोरांच्या बसायच्या प्लास्टिकच्या गाड्या दाखवल्या, मग पाळणे, मग दुपटी. पुढचे दोन दिवस दुपट्यांच्या जाहिराती त्याची पाठ सोडेनात. शेजारच्या आग्नेलनं फोनात डोकावून बघितलं आणि सगळ्या गावात सांगत सुटला, "पास्कूच्या घरी ह्या वयात पाळणा हलणार!"

पण पास्कल चिकट माणूस. हळूहळू त्याला शोधायची रीत कळली. नुसतं ‘नवीन’ लिहून भागत नाही, कारण विकणारा तीन वर्षं पडून राहिलेल्या मालालाही नवीनच म्हणतो. गाडीचं नाव लिहायचं, मालिकेचं नाव लिहायचं, महिना लिहायचा, आणि खाली तारीख कुठली आहे ते बघायचं. करंडीतलं वरचं पान बघून माल घेत नाहीत, हात खाली घालतात. तसंच हे. रोज सकाळी चहा चुलीवर ठेवला की तो शोधायला बसायचा आणि काही मिळालं की विरारला फोन लावायचा.

"कॅल्विन, दुधाची व्हॅन आली काय रे?"

"कुठली? थांबा, थांबा. कुठं बघितलीत?"

आणि मग बोलणं लांबायचं. कधी पास्कलची बातमी जुनी निघायची, कधी ती गाडी कॅल्विनकडे असायचीच. तरी कॅल्विन फोन ठेवायचा नाही. जुलैत तर एकदा त्यानं स्वतःहून फोन केला. "पप्पा, सप्टेंबरची गाडी माहीत आहे का? तीनचाकी टेंपो. हिरवा. तुमचाच."

"नाक तसंच काय रे?" पास्कलनं विचारलं.

सप्टेंबर आला. कंपनीच्या वेबसाइटवर टेंपो सकाळी आला आणि कॅल्विन ऑफिसातून बघेपर्यंत संपला. मग कॅल्विन दुकानं पालथी घालू लागला आणि पास्कल फोन. महिन्याच्या शेवटी पास्कलला वालीवच्या एका छोट्या दुकानाचं पान सापडलं. तारीख आदल्या दिवशीची, आणि फोटोत मागच्या फळीवर हिरवं नाक. त्यानं कॅल्विनला कळवलं नाही. पायांत चपला सरकवल्या, रिक्षा बदलत वालीवला गेला. कारखान्यांच्या त्या गल्ल्या त्याला ठाऊक होत्या. दुकानात एकच टेंपो उरला होता.

"नातवाला का काका?" दुकानदारानं विचारलं.

"पोराला," पास्कल म्हणाला. "आगेराला यायचाय."

आगेरा म्हणजे वसईतल्या चर्चांचा सुगीचा सण, ऑक्टोबरातला रविवार. नव्या भाताच्या लोंब्या, वाडीतलं पहिलं फळ ताटात घालून वेदीपुढं न्यायचं, फादरनी त्यावर पवित्र पाणी शिंपडायचं. मग बाहेर मांडवात त्या ताटांचा लिलाव होतो. पुष्कळदा ज्याचं ताट तोच चढी बोली लावून परत घेतो. पैसा चर्चला, आशीर्वाद घरात. पास्कलच्या घरात पहिला घड वेदीपुढं गेल्याआधी कधी खाल्ला गेला नव्हता. पण गेली दोन वर्षं वाडी थकली होती. पलीकडं इमारत झाल्यापासून केळीला ऊन पुरत नव्हतं, आणि पास्कल बाजारातून केळी विकत आणून ताटात ठेवायचा. ते त्याला आत कुठंतरी बोचायचं. विकतची केळी देवाला कळत नसतील काय?

ह्या वर्षी मात्र त्याच्या हातचं पहिलं काहीतरी होतं. स्वतः शोधलेलं, स्वतः आणलेलं. ताटात न्यायचं, आशीर्वाद घ्यायचा, लिलावात परत घ्यायचं आणि कॅल्विनच्या हातात ठेवायचं, असा त्याचा बेत. अडचण एकच होती. गुंडाळलेली वस्तू वेदीपुढं कोणी नेत नाही. कॅल्विनचं ‘उघडली की संपली’ त्याला आठवत होतं. खोकं हातात धरून तो बराच वेळ बसला. मग त्यानं मनाशी म्हटलं, देवाचं पाणी पडल्यावर वस्तूची किंमत कमी कशी होईल? आणि कात्रीनं खोकं कापलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी कॅल्विन, शर्ली आणि अँजेलिना उमेळ्याला आले. मिस्सेला उशीर झाला म्हणून मागच्या बाकावर बसले. ताटांची रांग पुढं निघाली. लोंब्या, दुधी, नारळ, आणि पास्कलच्या ताटात दोन लोंब्यांच्या मधे हिरवा टेंपो. कॅल्विनला तो दिसला. शर्लीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि अँजेलिनाचा हात धरला.

लिलावाला आग्नेल उभा होता, हातात माइक. "आता ऐका! हा पास्कूचा टेंपो! एकच मालक, अपघात नाय, टायर नवीन, आनि पीयूसी तर फादरनी स्वतः केलीय!"

मांडव हसला. पास्कलनं बोली लावली. कोणीतरी गमतीनं चढवली, पास्कलनं पुन्हा लावली. तेवढ्यात मागून एका तरुण पोरानं एकदम मोठा आकडा टाकला. त्याला त्या टेंपोची किंमत कळत होती, खोकं नसतानाही. पास्कलनं खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. त्याच्याकडं तेवढे नव्हते. आग्नेलनं त्याच्याकडं पाहिलं. "पास्कू?" त्यानं माइक बाजूला धरून हळूच विचारलं.

"इकडं," मांडवाच्या दारातून आवाज आला. कॅल्विननं त्या पोराच्या वर बोली लावली, पोरानं चढवली, कॅल्विननं आणखी चढवली. टेंपो कॅल्विनला सुटला.

टेंपो खिशात घालून कॅल्विन बापाबरोबर घराकडं निघाला. शर्ली आणि अँजेलिना मुद्दाम मागं राहिल्या. पडवीत आल्यावर तो म्हणाला, "महिनाभर शोधतोय मी, पप्पा. तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"सील लागतं हेपण माहीत होतं."

"होतं."

"मग फाडलंत कशाला?"

पास्कल खुर्चीत बसला. "तुझ्या आईचे निळ्या फुलांचे कप. पाहुन्यांसाठी म्हनून काचेत ठेवलेले. पैल्यांदा कधी निघाले, सांग."

कॅल्विनला सांगायची गरज नव्हती. ते कप त्यानंच काढले होते, कॅथरिनच्या मातीच्या दिवशी, आलेल्या माणसांना कॉफी द्यायला. धुवायलाही लागले होते आधी, इतकी धूळ.

"मी चुकलो असंन," पास्कल म्हणाला. "तुझी वस्तू, तुझा कायदा. मला मात्र ती बंद बघवली नाय."

कॅल्विननं खिशातून टेंपो काढला, टेबलाच्या मेणकापडावर ठेवला आणि बोटानं ढकलला. टेंपो थोडा सरळ गेला आणि डावीकडं वळला.

"ओढतो डावीकडं," तो म्हणाला.

"खरापन ओढायचा!" पास्कल पुढं सरकला. "भरलेला असला की चढावर नाक उचलायचा. मग तुझी आई पुढं येऊन बसायची, वजनाला. लग्नाच्या आधीची गोष्ट."

"आई? टेंपोत? लग्नाच्या आधी?" कॅल्विन खुर्ची ओढून बसला. "हे मला कधी सांगितलं नाही."

पास्कलनं खाऊचं पान आणलं, चार तुकडे करून टेंपोच्या मागच्या हौद्यात रचले आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. कोंबडीचा रस्सा दोनदा गरम करावा लागला.

त्यानंतर कॅल्विन रविवारी येऊ लागला. बापलेक एकाच फोनवर डोकी घालून पुढच्या गाड्या शोधायचे आणि मिळाली तर दोन घ्यायचे. एक विरारच्या कपाटात, सीलबंद. दुसरी उमेळ्याच्या टेबलावर उघडायची. "एक होती तेव्हा मी बोलत होते," शर्ली म्हणायची, "आता जोडीनं येतात, तर गप्पच बसते." निळ्या फुलांचे कप रोजच्या चहाला निघाले. एकाचा कान तुटला, तरी तो वापरात राहिला.

दोन हजार पंचवीसच्या आगेराला त्या घराचं ताट कॅल्विननं नेलं. दोन लोंब्या आणि त्यांच्या मधे सप्टेंबरात आलेली छोटी मोटार, खोकं नसलेली. ती त्यानं एकट्यानं शोधली होती. लिलावात आग्नेलनं नुसतं घराचं नाव घेतलं, चेष्टा केली नाही, आणि कॅल्विनच्या वर कोणी बोली लावली नाही.

पास्कल त्याच वर्षी, चौदा ऑगस्टला, गुरुवारी सकाळी उमेळ्याच्या घरी वारला होता.