पांढरकवड्याचा रडका पोपट

त्या दिवशी पांढरकवड्याच्या मिशन दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि गंमत म्हणजे औषध कुणालाच नको होतं. बैलगाड्या पार हमरस्त्यापर्यंत लागल्या होत्या. हैदराबादकडे निघालेले ट्रक थांबत होते, ड्रायव्हर उतरून हात जोडत होते. ओट्यावरच्या कोनाड्यात मेरीमातेची दोन हात उंच मूर्ती होती आणि ती रडत होती. खरंच रडत होती. डोळ्याच्या कोपऱ्यात थेंब फुगायचा, गालावरून ओघळायचा आणि खाली फुलचंदनं धरलेल्या पितळी वाटीत पडायचा.

फुलचंद गावातला रंगारी. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची, एरवी ट्रकच्या पाट्यांवर मोर काढायचे, हा त्याचा धंदा. १९५९च्या पोळ्यानंतर मूर्तीचा रंग पार उडालेला पाहून त्यानं ती फुकट रंगवून दिली होती, चांगल्या चकचकीत तेलरंगानं. तेव्हापासून रोज सकाळी स्टुलावर चढून मूर्तीचा पत्र्याचा मुकुट पुसायची सेवाही त्यानं आपणहून पत्करली. पुढं माता रडायला लागली आणि रंगाऱ्याचा पुजारी झाला.

"या व माय, या गा बाप्पा!" फुलचंद ओरडत होता. "सातासमुद्रापल्याडची माय तुमच्या दुखण्यापायी रडून राह्यली! खोकला असो, खरूज असो, सासूचा जाच असो, एक थेंब पोटात आन् दुखणं भुईसपाट! पन भाव पक्का पायजे. भाव कच्चा असन तं गुण येनार नाही, मंग माह्या नावानं बोंबलू नका!"

यातलं शेवटचं वाक्य नीट ऐकावं. गुण आला तर मातेचा, नाही आला तर दोष रोग्याचा. इतका बिनतोट्याचा धंदा गावातल्या कापसाच्या अडत्यालाही साधला नव्हता. फुलचंदच्या शेजारची, लोकांनी वाहिलेल्या जवारीची गोणी मात्र भाव कच्चा असो की पक्का, भरत चालली होती.

दवाखान्याची नर्स सिस्टर उर्सुला हे सगळं खिडकीतून बघत होती. ती मूळची आयर्लंडची. मराठी तिला रोग्यांनीच शिकवली, त्यामुळं त्या गोऱ्या तोंडातून अस्सल वऱ्हाडी बाहेर पडायची आणि नवखा रोगी दुखणं विसरून तिच्याकडे बघत राहायचा. मूर्ती पहिल्यांदा रडली तेव्हा सिस्टर गुडघे टेकून बसली आणि स्वतःही रडली होती. खोटं कशाला सांगायचं? परक्या मुलखात इतकी वर्षं काढल्यावर आपली माय आपल्याशी बोलली, असं तिला वाटलं. ती फार सुखावली होती.

दवाखान्यात तिचे दोन जिवाभावाचे सोबती होते, डॉक्टर बाबाराव गजभिये आणि दुसरी नर्स इंदूबाई. दोघांनीही छप्पन्न साली नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि घरातले देव नदीत सोडले होते. संध्याकाळच्या चहाला तिघांचा वाद ठरलेला. सिस्टर विचारायची, "देवाबिगर तुहा दिवस कसा जाते रे बाबाराव?" डॉक्टर म्हणायचे, "रोगी लय असतात सिस्टर, ध्यानातच येत नाही." मग तिघंही खदखदून हसायची. मूर्ती रडायला लागल्यापासून मात्र वाद बंद झाला होता. डॉक्टर मान खाली घालून चहा प्यायचे आणि उठून जायचे. सिस्टरला ते भांडणापेक्षा जास्त लागायचं.

त्या दुपारी जवळच्या तांड्यावरून हंसाबाई आली. तिचा नवरा देवसिंग क्षयाचा रोगी. सुया घेऊन घेऊन त्याचा खोकला उतरला होता, अंगावर मांस चढलं होतं, आणि नेमक्या त्याच वेळी त्यानं सुया सोडून थेंब धरले.

"काय झालं व हंसा?" सिस्टरनं विचारलं.

"पुन्हा रगत पडून राह्यलं, शिष्टरबाई." हंसाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "दवाखान्यात चाल म्हनलं तं म्हनते, मायच्या थेंबानंच बरा झालो, आता थेंब वाढवतो. तुमीच सांगा त्याले. माय तुमची हाय."

सिस्टर तरातरा डॉक्टरांच्या खोलीत गेली. "बाबाराव! देवसिंग मरन ना रे! तू काहून बोलत नाहीस?"

"मी काय बोलू?" डॉक्टर हळूच म्हणाले. "आमी आमचे देव नदीत सोडले, तो आमचा हक्क होता. तुमच्या देवावर हात टाकाचा हक्क मले नाही. लोक म्हनतीन, यानं आपले बुडवले, आता दुसऱ्याचे बुडवून राह्यला. आन् खरं सांगू? तुमी दुखावसान, याचंच भेव वाटते."

सिस्टर तशीच मागं वळली. मग बाहेर जाऊन मूर्तीच्या गालावरचा थेंब तिनं बोटावर घेतला आणि जिभेला लावला. आयुष्यभर तिनं रोग्यांचे अश्रू पुसले होते, स्वतःचे गिळले होते. अश्रूची चव तिला कुणी शिकवायला नको होती. हा थेंब अळणी होता. विहिरीच्या पाण्यासारखा, अगदी तसाच.

ती परत येऊन खुर्चीत बसली. "मीठ नाही रे बाबाराव," ती म्हणाली. "मायच्या डोयात पानी येईन, पन अळनी नाही येनार. टाक आता हात. देवावर नको, देवाच्या नावानं पानी वाटनाऱ्यावर टाक."

डॉक्टरांनी भिंग लावून मूर्तीचे डोळे तपासले आणि परत येऊन इंदूबाईला जवळ बोलावलं. जत्रेत मिळतो तसला प्लास्टरचा पोकळ पोपट तिच्या घरी होता. त्याचं काय करायचं, ते डॉक्टरांनी दोघींना सांगितलं. सिस्टर आधी रागावली, मग तोंडावर हात धरून हसत सुटली. बऱ्याच दिवसांनी तिघं एकत्र हसली होती.

बाजाराच्या दिवशी तोबा गर्दी झाली. देवसिंगही वाटी घेऊन पुढंच बसला होता, हंसाबाई मागं उभी होती. इतक्यात इंदूबाईनं ओट्याच्या दुसऱ्या टोकाला टेबल मांडलं, त्यावर हिरवागार चकचकीत पोपट ठेवला आणि पदर खोचून आरोळी ठोकली.

"या व माय, या गा बाप्पा! पोपटबाबा रडून राह्यले! खोकला असो, खरूज असो, नवऱ्याचा आळस असो, एक थेंब आन् दुखणं भुईसपाट!"

लोक वळले. पोपटाच्या डोळ्यांतून खरोखरच थेंब ओघळत होते. एका म्हाताऱ्यानं लगेच हात जोडले. दुसऱ्यानं विचारलं, "बाई, पोपटबाबाले मिरची चालते काय?"

फुलचंद चवताळला. "अरे, अक्कल गहान टाकली काय? पोपट कुठं रडते?"

"काहून? मूर्ती रडते तं पोपटानं कोनाचं घोडं मारलं?" इंदूबाई म्हणाली. "तुहा भाव कच्चा दिसते."

"भाव गेला चुलीत!" फुलचंद किंचाळला. "उचल त्याले! डोक्यात भोक असन त्याच्या, मेनानं बुजवलं असन! पाह्य, डोयापाशी रंग खरवडला असन!"

सगळी गर्दी पोपटाकडून फुलचंदकडे वळली. फुलचंदचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"बराबर," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "भोक हाय, मेन हाय, रंगबी खरवडला हाय. पन फुलचंद, तुले कसं माईत गा?"

आता मूर्तीला हात लावायचा होता, आणि तो सिस्टरशिवाय कुणी लावायचा नव्हता. ती स्टुलावर चढली. तिनं पुटपुटत क्षमा मागितली, मुकुट उचलला, खालचा मेणाचा गोळा काढला आणि मूर्ती आडवी केली. भडभड पाणी ओट्यावर सांडलं.

"पाह्यलं?" डॉक्टर म्हणाले. "आतून पोकळ, अंग प्लास्टरचं. प्लास्टर पानी पिते, पन वरून तेलरंग असला की ते बाहेर येत नाही. डोयाजवळ सुईनं रंग खरवडला की तेवढ्याच वाटेनं पाझरते. रोज सकाळी मुकुट पुसाले कोन येत होतं, ते आठवा."

आठवायला फुलचंद तिथं उरला नव्हता. जवारीची गोणीही तो विसरून गेला होता.

देवसिंग हातातल्या वाटीकडे बघत उठला. "मंग मले बरं कोनं केलं?"

"सुईनं केलं, गा," डॉक्टर म्हणाले. "अर्ध्यात सोडलीस म्हनून रगत आलं. पुरी घेशीन तं जगशीन."

"आन् तुमी, शिष्टरबाई?" देवसिंगच्या आवाजात राग होता. "तुमी तं रोज हिले हात जोडता. कायले मंग?"

सिस्टरनं मूर्ती कुशीत धरली होती, झगा ओला झाला होता. "जोडतो ना. उद्याबी जोडीन," ती म्हणाली. "पन मी तिले बळ मागतो, औषध नाही मागत. औषध बाबारावले मागतो, आन् तो तं देव मानतच नाही! डोकं आपल्याले देलं कायले रे? फेटा बांधाले? कोनी चमत्कार दाखवला तं हात जोडाच्या आंधी इचारा: पानी कुठून येते, कोन भरते, कोनाचं पोट भरते? एवढं इचारल्यानं माही माय रागावत नाही. रागावते तो फुलचंद!"

लोक हसले. देवसिंगला मात्र हसू आलं नाही. सांडलेलं पाणी ओलांडून तो हंसाबाईपाशी गेला. तिनं तोंड फिरवून डोळे पुसायला पदर उचलला, तसा त्यानं तिचा हात धरला. तिच्या गालावरचं पाणी त्यानं बोटानं टिपलं, जिभेला लावलं, आणि सुई घ्यायला दवाखान्याच्या आत गेला.