हाताला काय लागतं

हेमांगीला नववा लागला होता, पाय सुजले होते, आणि उमाकांत आजही किल्ली देत नव्हता.

नंदुरबारच्या त्या नर्सिंग शाळेत बाळंतपण शिकवायला एकच धड मॉडेल होतं. बाईचं पोट, कंबर, आत फिरवता येणारं बाळ. ते आल्यापासून कपाटातच होतं, प्लास्टिकच्या पिशवीसकट.

"मॅडम, साहेबनी तपासनी व्हई जाऊ द्या," स्टोअर सांभाळणारा उमाकांत म्हणाला. "फुटनं तं मन्हा गयामा पडी."

"आणि या मुलींच्या हातून बाई दगावली, तर ते कोणाच्या गळ्यात पडेल?"

त्याने किल्ली खिशात टाकली.

ती तणतणत वर्गात आली. पोट कसं तपासायचं हे मुलींना तोंडपाठ होतं, पण गरोदर पोटाला कुणी नीट हात लावला नव्हता. वॉर्डात त्यांना मागे उभं करत. वर्षभरात याच मुली डोंगरातल्या उपकेंद्रांत एकट्या असणार होत्या.

"हात धुऊन या," हेमांगी म्हणाली आणि कुशीखाली उशी घेऊन सरळ टेबलावर आडवी झाली. "माझं पोट तपासा. बाळ कसं आहे सांगा."

मुली एकमेकींकडे बघून लाजल्या. रनाळ्याची काजल आधी पुढे आली. बोटं जेमतेम टेकवली. "डोकं खाली आहे, मॅडम."

दुसरीनेही तेच सांगितलं. तिसरीने तर भिंतीवरच्या तक्त्याकडे बघूनच सांगितलं. हेमांगीच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. बाळाचं डोकं वर, तिच्या बरगडीखाली होतं. सोनोग्राफीत दिसलं तेव्हापासून तिला झोप नव्हती.

"तक्ता नकोय मला! हाताला काय लागतं ते सांगा!"

धडगावकडची रविना पावरा वर्गात फारशी बोलत नसे. तिने तळवे चोळून ऊन केले, पोटाच्या वरच्या भागाला हात लावला आणि थांबली. खाली चाचपलं. पुन्हा वर आली.

"डोकं खाली," ती पुटपुटली.

"मग हात परत वर का गेला?"

"वर टणक लागलं. गोल. ढकललं की डुलतं."

"मग खाली का म्हणालीस?"

"सगळ्या खालीच म्हणाल्या, मॅडम."

"बरोबर आहे तुझं," हेमांगी म्हणाली. "बाळ पायाळू आहे."

मग एकेक मुलगी परत आली. या वेळी त्यांनी हात नीट दाबले. दुखलं, तरी हेमांगीने सोसलं. "हाई देखा, डोकं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"उपकेंद्रात अशी बाई आली तर?"

"कळा सुरू व्हायच्या आधीच मोठ्या दवाखान्यात पाठवायची," रविना म्हणाली. मग हळूच, "तुमचं काय होणार, मॅडम?"

"डॉक्टर बाळ बाहेरून फिरवून बघणार आहेत. नाही फिरलं तर ऑपरेशन." हे तिने अजून घरीही सांगितलं नव्हतं.

ती डाव्या कुशीवर वळली. गरगरत होतं. काजल जवळ येऊन उभी राहिली.

"मॅडम, पन पेपरमा काय लिखानं? डोकं खालेच ना?"

हेमांगीने तिच्याकडे हात पुढे केला.

"काजल," ती म्हणाली, "आधी मला उठव."