बांगडीत अडलेला कांदा

प्रणालीचे बाबा दर वर्षी कांदा घेऊन अमरावतीला जात आणि दर वर्षी तोंड पाडून परत येत. "गोल्टी निघाली म्हने," एवढंच सांगत. गोल्टी म्हणजे बारका कांदा, मोठ्याच्या निम्म्या भावात जाणारा. ते ऐकून तिची आई जमुना कपाळावर हात मारून घेई. कारण तो कांदा तिनं स्वतः निवडलेला असे.

आणि निवडायची कशी? प्रणाली पहिलीत असतानाची एक पितळी बांगडी होती. ती डाव्या हातात धरून जमुना शेतात बसायची, उजव्या हातानं एकेक कांदा उचलायची. आरपार गेला की गोल्टी, अडला की एक नंबर. दोन्हींचे कट्टे, म्हणजे पोती, वेगळे. आठ-आठ दिवस! बोटांत वास इतका मुरायचा की भाकरीलाही लागायचा.

"वलगावातून अमरावतीले जायले अर्धा घंटा लागते," यंदा ती म्हणाली. "तेवढ्यात कांदा आटते कसा? साबन हाये का थो? यंदा मीच जातो."

दहावीचा शेवटचा पेपर नुकताच देऊन आलेली प्रणाली तिच्याआधी मालऑटोत चढून बसली.

मार्केटात लिलाव झकास झाला. व्यापारी शेठनं कट्ट्यात हात घातला, कांदा दाबला आणि क्विंटलला चौदाशेची बोली सुटली. जमुनानं पदराआड लेकीचा हात दाबला. शेठ पुढच्या ढिगाकडे गेला. मग काट्यापाशी त्याचा माणूस आला, श्याम. त्यानं एका कट्ट्याचं तोंड सोडलं, वरचे चार कांदे चाळवले आणि खालचा ओठ बाहेर काढला.

"गोल्टी मिक्स हाये, बाई. आठशेनं लिहितो."

अस्सं! म्हणजे कांदा इथं आटत होता!

"भाऊ, मी सोता निवडला ना," जमुना म्हणाली, पण आवाज असा, जणू हिनंच काही चोरलंय.

"सगळेच थेच म्हनतात. जमत नसंन तं भरा वापस."

वापस न्यायचं तर जाता-येताचं भाडं अंगावर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या ढिगावर बसलेले म्हातारे बुधाजी खाली मान घालून कोरडं हसले. त्यांचा कांदा आत्ताच आटला होता. कमी भावाची चिठ्ठी हातात घेऊन ते काट्याची वाट पाहत होते.

प्रणालीचे कान तापले. गेल्या वर्षीपर्यंत ही पोरगी हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायची. यंदा कबड्डीच्या संघाची कॅप्टन झाली आणि तिला आपला आवाज सापडला. तो आता बाहेर पडला.

"आई, बांगडी काढ!"

"गप वं. मान्सं पाहून राह्यले."

"पाहू दे ना! पाहालेच पाह्यजे!" आईच्या पिशवीतून तिनं स्वतःच बांगडी काढली आणि श्यामच्या नाकासमोर धरली. "जो कांदा यातून जाईन थो फुकट न्या. पन जो अडला, त्याले गोल्टी म्हनाचं नाई."

श्याम खो-खो हसला. "पोट्टे, बांगडीवर का बाजार चालते?"

"मंग कायच्यावर चालते? सांगा ना! तुमचं जे माप असंन थे काढा, त्यानं मोजतो."

श्यामचा हात उगाच खिशापर्यंत गेला आणि परत आला. माप नव्हतंच! कधीच नव्हतं! इतकी वर्षं तिच्या आईच्या आठ दिवसांच्या कष्टासमोर या माणसाचा नुसता ओठ होता!

"मोज ना बे, श्याम!" कोणी तरी हमाल ओरडला. लोक गोळा झाले. पहिला कांदा अडला. दुसरा अडला. श्यामनं तळापर्यंत हात घातला, शेवटी अख्खा कट्टा पालथा केला आणि बारके शोधू लागला. सगळे मिळून पाच आरपार गेले.

"पाच," जमुना मोठ्यानं म्हणाली. आता तो तिचा, शेतातला आवाज होता. "न्या भाऊ. सांजच्या भाजीले होतात."

हशा पिकला तसा शेठ मागे वळला. गर्दी बघून म्हणाला, "लिही चौदाशे. उगा गर्दी नको करू इथं."

गर्दी नको म्हणे! चुकलं असं एका शब्दानं कोणी म्हटलं नाही.

चिठ्ठी मिळाली, कांदा काट्यावर चढला. ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. प्रणाली वळून पाहते तर आई बुधाजींच्या ढिगाशी फतकल मारून बसलेली, हातात बांगडी.

"आई, चाल ना!"

"थांब. या भाऊचा किती आटला थे पाहू दे."

"अवो बाई," श्याम धावत आला, "त्यायची चिठ्ठी लिहून झाली!"

जमुनानं वर पाहिलंच नाही. कांदा बांगडीवर टेकवला. अडला.

"मंग खोडा," ती म्हणाली आणि दुसरा उचलला.